रंगनाथनांचें न लिहिलेलें सूत्र

शियाळी रामामृत रंगनाथन् यांचा ‘फाइव्ह लॉज ऑफ लायब्ररी सायन्स’ हा ग्रंथ मद्रास ग्रंथालय संघानें १९३१ सालीं प्रसिद्ध केला. ग्रंथपालनाच्या परीक्षेस बसणाऱ्या विद्यार्थ्यांखेरीज तो आज कोणी वाचीत असेल असें वाटत नाहीं. आणि ते विद्यार्थीहि त्यांतील पांच सूत्रें तेवढीं पाठ करून बाकीचा ग्रंथ सोडूनच देत असावेत. एखाद्या ग्रंथांतील पांच ओळी जगप्रसिद्ध व्हाव्या आणि त्यामुळेंच तो ग्रंथ अपठित राहावा, ह्यापरतें दुर्दैव लेखकाच्या वांट्यास दुसरें कोणतें येणार? प्रस्तुत लेखकानेंहि तो परवांपरवांपर्यंत वाचला नव्हता. गेल्या पावसाळ्यांत आमच्या गांवच्या वाचनालयाचीं कपाटें वरच्या मजल्यावरून खालीं आणावीं लागलीं. त्या धांदलींत जिन्याखालच्या एका ढिगांत त्याची १९५७ सालची दुसरी आवृत्ति हातीं लागली. कपाटें कां खालीं आणावीं लागलीं तें पुढें येईलच. ग्रंथ मात्र त्याच आठवड्यांत वाचून काढला. वाचतांना एक शंका मनांत आली. तिचा ऊहापोह करण्यासाठीं हा लेख आहे.

रंगनाथन् हे मूळचे गणिताचे अध्यापक. १९२४ च्या जानेवारींत मद्रास विद्यापीठानें त्यांस आपले पहिले ग्रंथपाल नेमलें, तेव्हां त्या निर्जन जागेंत त्यांचा जीव रमेना, आणि आठवडाभरांतच ‘मला पुन्हा वर्गावर पाठवा’ म्हणून ते आर्जव करूं लागले, ही हकीकत प्रसिद्ध आहे. पुढें ते इंग्लंडास गेले, तेथील शंभरावर ग्रंथालयें त्यांनीं नजरेखालून घातलीं, आणि १९२५ सालीं परत आले ते ह्या एका कामास वाहून घेऊनच. परंतु गणित त्यांच्या अंगांतून गेलें नाहीं. कोणत्याहि व्यवहाराच्या बुडाशीं चारदोन मूलतत्त्वें असलींच पाहिजेत, तीं एकदां सांपडलीं कीं बाकीचें सर्व त्यांतून आपोआप निष्पन्न होतें, ही त्यांची श्रद्धा. पुस्तकांचें सार्थक जपून ठेवण्यांत नसून वापरण्यांत आहे. कोणीहि वाचक विन्मुख जातां कामा नये. कोणतेंहि पुस्तक वाचकावांचून कुजत पडतां कामा नये. वाचकाचा वेळ व्यर्थ दवडूं नये. आणि ग्रंथालय सजीवाप्रमाणें वाढत राहिलें पाहिजे. इतक्याच गोष्टी त्यांनीं मांडल्या. मग इमारत गांवांत कोठें असावी, खुर्च्या कशा असाव्या, दारें किती वाजतां उघडावीं, कपाटांस कुलपें असावीं कीं नसावीं, ग्रंथपालाची योग्यता काय असावी, इतकेंच नव्हे तर सरकारनें कायदा कसा करावा, हें सर्व त्यांनीं भूमितींतील सिद्धांतासारखें त्यांतून काढून दाखविलें.

ग्रंथाची शैली मात्र गणित्याची नव्हे, पुराणिकाची आहे. सूत्रें येथें मनुष्यांसारखीं बोलतात, वाद घालतात, प्रवासास निघतात. दुसऱ्या सूत्राच्या एका प्रकरणास तर त्यांनीं ‘दिग्विजय’ असें नांव दिलें आहे, आणि तें सूत्र अश्वमेधाच्या घोड्याप्रमाणें देशोदेशीं फिरवून आणलें आहे. पुनरुक्ति पुष्कळ आहे; कांहीं संवाद शाळेच्या संमेलनांत शोभावे असे आहेत. तथापि हे दोष वाचतांना खुपत नाहींत, कारण लेखकाचा कळवळा खरा आहे. मध्ययुगीन यूरोपांतील ग्रंथालयांत पुस्तकें लोखंडी साखळ्यांनीं फळ्यांस जखडून ठेवीत असत, त्याचें वर्णन पहिल्या प्रकरणांत आलें आहे. तें वाचतांना असें वाटतें कीं ह्या गृहस्थाला ती साखळी आपल्याच पायांत असल्यासारखी बोचते आहे.

आतां माझी शंका. युक्लिडच्या भूमितीस दोन हजार वर्षें निर्दोष तर्काचा आदर्श मानीत आले. त्या भूमितींत कांहीं गृहीतें मुळीं सांगितलींच नाहींत, परंतु वापरलीं मात्र आहेत, असें पाश नांवाच्या जर्मन गणित्यानें १८८२ सालीं दाखवून दिलें. सरळ रेषेवर तीन बिंदु असले तर त्यांतील एकच इतर दोहोंच्या मध्यें असतो, अशा मासल्याच्या त्या गोष्टी होत्या. इतक्या उघड, कीं त्या लिहावयास हव्यात असें युक्लिडास वाटलेंच नव्हतें. रंगनाथनांच्या ग्रंथांतहि असें एक गृहीत आहे. ग्रंथालयांतलें पुस्तक ग्रंथालयाच्या मालकीचें असतें, आणि ग्रंथालय स्वतः ज्या गांवासाठीं असतें त्या गांवास जबाबदार असतें, हें तें गृहीत होय. पांचहि सूत्रें ह्या सहाव्या, न लिहिलेल्या सूत्राच्या खांद्यावर उभीं आहेत. पुस्तक वापरूं द्यावें असा निर्णय करण्याचा अधिकार कोणास? ज्याचें पुस्तक आहे त्यास. ग्रंथालय वाढतें म्हणजे काय? आज घेतलेलें पुस्तक उद्यां घेतलेल्या पुस्तकाच्या शेजारीं उभें राहतें, म्हणून. कालचें पुस्तक आज नाहींसें होत असेल तर त्यास वाढणें म्हणत नाहींत. त्या साखळ्यांचेंहि असेंच. साखळीचें दुसरें टोंक ग्रंथालयाच्याच भिंतीत होतें व किल्ली ग्रंथालयाच्याच कमरेस होती. म्हणून ती सोडण्यास फक्त सद्बुद्धि लागत होती. रंगनाथनांचा सर्व उपदेश ह्या सद्बुद्धीस उद्देशून आहे. किल्लीच जर दुसऱ्याच्या खिशांत असेल, तर काय करावें, हा प्रश्न त्यांस पडला नाहीं. त्यांच्या काळांत तो कोणासच पडला नव्हता.

१९९१ नंतर आपल्याकडे जागतिकीकरण आणि खाजगीकरण हे दोन शब्द जोडशब्दासारखे उच्चारण्याची संवय पडली आहे. ग्रंथालयांपुरता विचार केला तर ह्या दोहोंचीं कामें वेगळालीं आहेत. पहिल्यानें त्या न लिहिलेल्या सूत्राचा पूर्वार्ध कापला, दुसऱ्यानें उत्तरार्ध.

उत्तरार्ध कसा कापला जातो हें पाहण्यासाठीं क्रॉयडनला जावें. हें नांव मी मुद्दाम घेतों. लंडनच्या दक्षिण भागांतील ह्या वस्तीच्या सार्वजनिक ग्रंथालयांत रंगनाथनांनीं प्रत्यक्ष कामाचे धडे गिरविले. तेथील मुख्य ग्रंथपाल बर्विक सेअर्स हे त्यांचे गुरु, आणि १९३१ च्या ग्रंथास उपोद्घातहि त्यांचाच आहे. तेव्हां क्रॉयडन हें ह्या पंचसूत्रीचें आजोळ म्हटलें तरी चालेल. त्या क्रॉयडनच्या नगरसभेनें २०१३ सालीं आपलीं तेराहि ग्रंथालयें चालविण्याचा मक्ता जॉन लेंग ह्या उद्योगसमूहाच्या एका कंपनीस दिला. थोड्याच दिवसांत ती कंपनी करिलियन् नांवाच्या दुसऱ्या कंपनीनें विकत घेतली. मग घर विकलें कीं भाडेकरू जसे घराबरोबर नव्या धन्याकडे जातात, तसे क्रॉयडनचे वाचक करिलियनकडे गेले. करिलियन् ही बांधकामाची कंपनी. रस्ते व रुग्णालयें बांधणें, तुरुंगांची देखभाल करणें, शाळांतील मुलांस जेवण पुरविणें हे तिचे व्यवसाय. १५ जानेवारी २०१८ रोजीं तिचें दिवाळें निघालें, तेव्हां तिच्या डोक्यावर सुमारें सात अब्ज पौंडांचीं देणीं होतीं.

ती कंपनी पुस्तकांपायीं बुडाली नाहीं. मोठमोठ्या बांधकामांच्या मक्त्यांत तिचे हात पोळले होते. परंतु ग्रंथालयाच्या काउंटरवर बसणाऱ्या बाईची नोकरी आणि कोपऱ्यांत गोष्टींचें पुस्तक वाचणाऱ्या मुलाची खुर्ची हीं दोन्ही त्या बांधकामांच्या नशिबाशीं बांधलीं गेलीं होतीं, हें लोकांस त्या दिवशीं कळलें. नगरसभेनें ग्रंथालयें तांतडीनें परत आपल्याकडे घेतलीं, आणि दारें बंद पडलीं नाहींत. येथें एक गोष्ट नमूद न करणें अप्रामाणिकपणाचें होईल. परत आल्यावर त्यांस सुखाचे दिवस आले असें नाहीं. नोव्हेंबर २०२० मध्यें खुद्द नगरसभेनेंच आपल्या तिजोरीनें हात टेंकल्याचें जाहीर केलें, आणि २०२४ सालीं चार शाखा बंद करण्याचें ठरलें. सरकारी म्हणजे चांगलें आणि खाजगी म्हणजे वाईट, अशी सोपी वांटणी करणारांनीं हा शेवटचा भाग लक्षांत ठेवावा. माझें म्हणणें इतकेंच आहे कीं ज्यांनीं त्या चार शाखा बंद केल्या त्यांस पुढील निवडणुकींत क्रॉयडनच्या लोकांसमोर उभें राहावें लागतें. करिलियनच्या भागधारकांस क्रॉयडनच्या वाचकांनीं कोठें गांठावें?

पूर्वार्धाची गोष्ट अधिक सूक्ष्म आहे, आणि मला तरी ती अधिक भयंकर वाटते. छापील पुस्तक एकदां विकत घेतलें कीं त्या प्रतीशीं प्रकाशकाचा संबंध संपतो. तें कोणास वाचावयास द्यावें, किती वेळां द्यावें, किती वर्षें ठेवावें, हें घेणारानें पाहावें. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानेंहि एकदां प्रसृत झालेल्या प्रतीवर ग्रंथकाराचा हा हक्क शिल्लक ठेवलेला नाहीं. जगांतील सारीं वाचनालयें ह्या एवढ्याशा फटीतून आंत आलेलीं आहेत. ई-पुस्तकास ही फट नाहीं. तें ग्रंथालयास बहुधा विकलें जात नाहीं. परवान्यानें, मुदतीनें, अटींवर वापरावयास दिलें जातें. हार्परकॉलिन्स ह्या प्रकाशनसंस्थेनें २०११ सालीं असा नियम केला कीं ग्रंथालयाचें ई-पुस्तक सव्वीस वेळां वाचकांस दिलें गेलें कीं संपलें. पुन्हा हवें तर पुन्हा पैसे मोजावे. इतर मोठ्या प्रकाशकांचे परवाने बहुधा दोन वर्षांत संपतात. मॅकमिलन ह्या संस्थेनें २०१९ च्या नोव्हेंबरांत ह्यावरहि कडी केली. नवें पुस्तक निघाल्यावर पहिले आठ आठवडे कोणत्याहि ग्रंथालयास, मग तें एका खेड्याचें असो कीं न्यूयॉर्कसारख्या शहराचें, त्याची एकच प्रत मिळावयाची. अमेरिकेंतील ग्रंथालयांनीं बहिष्काराचें अस्त्र उचललें, तेव्हां २०२० च्या मार्चमध्यें तो नियम मागें घेण्यांत आला. मेरिलँड राज्यानें २०२१ सालीं असा कायदा केला कीं प्रकाशकांनीं ग्रंथालयांस वाजवी अटींवर ई-पुस्तकें दिलींच पाहिजेत. पुढच्याच वर्षीं न्यायालयानें तो रद्द ठरविला. हीं पुस्तकें ग्रंथालयांस पोंचविणारी ओव्हरड्राइव्ह ही ओहायोंतील बडी कंपनी २०१५ सालीं जपानच्या राकुतेन समूहानें घेतली, आणि २०२० सालीं ती केकेआर ह्या अमेरिकन गुंतवणूकदार पेढीच्या हातीं गेली. कंपन्या विकल्या जातात ह्यांत कांहीं नवल नाहीं. परंतु पूर्वी दुकानदार बदलला म्हणून फळीवरच्या पुस्तकास त्याची खबर नसे.

सव्वीस हा आंकडा माझ्या डोक्यांतून जाईना. म्हणून आमच्या वाचनालयांतील हरिभाऊ आपट्यांच्या एका कादंबरीच्या मागील चिठ्ठीवरचे शिक्के मीं एके दिवशीं मोजूं लागलों. सव्वीस तर पहिल्या चिठ्ठीच्या मध्यावरच संपले. तिच्यावर दुसरी चिकटविली होती, दुसरीवर तिसरी. पुठ्ठा दोनदां बदललेला, एक पान कोणी हातानें लिहून काढून चिकटविलेलें. अक्षर मोठें वळणदार होतें. रंगनाथनांचें तिसरें सूत्र ह्या प्रतीनें त्यांचें नांवहि न ऐकतां पाळलें होतें.

घरीं पुस्तकें ‘विकत’ घेणाऱ्या सुशिक्षित कुटुंबांनीं आपण ह्यांतून सुटलों असें समजूं नये. २००९ च्या जुलैमध्यें अ‍ॅमेझॉननें आपल्या किंडल यंत्रांवरून ग्राहकांनीं पैसे देऊन घेतलेलें एक पुस्तक दुरूनच पुसून टाकलें, कारण ज्यानें तें तेथें विकावयास ठेवलें त्यास तसा हक्क नव्हता. पैसे परत केले, पुढें क्षमाहि मागितली. तें पुस्तक जॉर्ज ऑर्वेलचें ‘नाइन्टीन एटी-फोर’ होतें. अशी कल्पना एखाद्या कादंबरीकारानें लढविली असती तर आम्ही टीकाकारांनीं ती बटबटीत म्हणून नापसंत केली असती.

आणि इतक्या दूरचीं उदाहरणें तरी कशास हवींत? ज्या महाविद्यालयांत मीं अध्यापन करतों त्यानें कांहीं वर्षांपूर्वी एका परदेशी कंपनीच्या नियतकालिक-संग्रहाची वर्गणी भरली, आणि त्या भरंवशावर छापील अंक घेणें बंद केलें. जागा वांचली, धूळ वांचली, बांधणीचा खर्च वांचला. आम्ही सर्व प्राध्यापक आनंदलों, आणि त्या ठरावास अनुमोदन देणारा मीच होतों. तिसऱ्या वर्षीं वर्गणी परवडेना. ती थांबली त्या दिवशीं नुसते पुढचे अंक थांबले नाहींत. ज्या वर्षांचे पैसे आम्ही भरले होते त्या वर्षांचेहि अंक दिसेनासे झाले. वाण्याचें खातें बंद केलें म्हणून गेल्या महिन्यांत खाल्लेली साखर तो पोटांतून काढून नेत नाहीं. आमच्या तळघरांत १९६२ पासून बांधून ठेवलेले त्याच विषयाचे खंड आहेत. त्यांस वाळवी लागली आहे, परंतु वाळवीनें सोडलेलीं पानें अजून आमचीं आहेत.

ह्यावर असें विचारतील कीं, प्राध्यापकमहाशय, तुम्हांस कागदाचा वास आवडतो म्हणून जगानें मागें जावें काय? अंध वाचकास आज ऐकतां येणारें पुस्तक मिळतें, म्हाताऱ्या डोळ्यांस अक्षर हवें तेवढें मोठें करतां येतें, गडचिरोलीच्या विद्यार्थ्यास मुंबईस न येतां ग्रंथ पाहतां येतो. हें सर्व रंगनाथनांस हवेंच होतें. अगदीं खरें. ते आज असते तर चौथ्या सूत्राच्या आनंदांत त्यांनीं ह्या यंत्रावर एक संपूर्ण प्रकरण लिहिलें असतें, आणि त्यांत यंत्राला बोलावयासहि लावलें असतें. माझें भांडण यंत्राशीं नाहीं, करारनाम्याशीं आहे. ई-पुस्तक मालकीनें विकण्यास विज्ञानाची आडकाठी नाहीं, व्यापाराची आहे. परंतु ‘नवें युग’ हा शब्द असा चमत्कारिक आहे कीं तो उच्चारला कीं लोक अटी वाचावयाचें सोडून देतात.

दुसरा आक्षेप अधिक वर्मी लागणारा आहे, व तो आपल्या मराठी वाचनालयांस उद्देशून आहे. मालकी होती तेव्हां तरी ग्रंथालयें सर्वांचीं होतीं काय? रत्नागिरीचें वाचनालय १८२८ चें, पुण्याचें १८४८ चें. ठाण्याचें मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालीं निघालें, मुंबईचें १८९८ सालीं. ह्यांचा आपणांस अभिमान आहे आणि तो असावाच. तथापि हीं वर्गणीचीं वाचनालयें होतीं. अनामत भरील, चपला बाहेर काढून बिचकल्यावांचून आंत येईल, त्याचेंच तेथें स्वागत होई. मोफत वाचनालयाची कल्पना प्रत्यक्षांत आणली ती बडोद्यास सयाजीराव महाराजांनीं. १९१० सालीं त्यांनीं अमेरिकेहून बोर्डेन ह्या तज्ज्ञास बोलावून घेतलें, आणि खेड्यापाड्यांत फिरत्या पेट्या धाडल्या. रंगनाथनांच्या खटपटीनें १९४८ सालीं झालेल्या मद्रासच्या कायद्यांत ग्रंथालयासाठीं स्वतंत्र कर आहे. आपला महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. त्यांत असा कर नाहीं. येथें नागरिकांनीं संस्था काढावी, तीं पुस्तकें जमवावीं, आणि सरकारनें वर्ग ठरवून अनुदान द्यावें. ह्या व्यवस्थेमुळें गांवोगांव हजारों वाचनालयें झालीं, हा तिचा गुण. दोष असा कीं सरकारचा हात आंखडला तरी कोणास दोष देतां येत नाहीं, कारण वाचनालय सरकारचें नव्हेच; आणि संस्थेचा हात आंखडला तरी तिला दोष देतां येत नाहीं, कारण तिच्याजवळ कांहीं नव्हतेंच. म्हणून आपल्याकडे खाजगीकरणास कोणा करिलियनची गरज पडत नाहीं. तें आपोआप, सभेच्या ठरावानें, सर्वानुमतें होतें.

तें कसें होतें तें सांगतों, कारण त्या सभेस मी हजर होतों. आमच्या वाचनालयाचें अनुदान नेहमीप्रमाणें उशिरा आलें होतें. ग्रंथपालबाईंचा आणि शिपायाचा पगार चार महिने थकला होता. वरच्या मजल्यावर मोठें वाचनगृह आहे. सकाळीं तेथें पांचसहा वृद्ध गृहस्थ वृत्तपत्रें वाचीत, सायंकाळीं शाळेंतलीं मुलें येत. एका होतकरू गृहस्थानें तो मजला ‘अभ्यासिका’ म्हणून मागितला. हल्लीं पुण्याच्या पेठांपासून तालुक्याच्या गांवांपर्यंत हा व्यवसाय चालतो. फळ्यांनीं वेगळीं केलेलीं टेबलें, वातानुकूलन, वाय-फाय, आणि दरमहा शुल्क. स्पर्धापरीक्षांचे उमेदवार पहाटेपासून रात्रीपर्यंत तेथें बसतात. पुस्तक ज्याचें त्यानें आणावयाचें. कित्येक ठिकाणीं ह्या जागेस सरळ ‘लायब्ररी’च म्हणतात. ग्रंथावांचून ग्रंथालय ही वस्तु रंगनाथनांच्या तर्कांत बसणारी नव्हे. परंतु त्या उमेदवारांस हंसण्याचा आपणांस अधिकार नाहीं. खोलींत चार भावंडें असणाऱ्या मुलास शांत खुर्ची ही पुस्तकाइतकीच दुर्मिळ आहे, आणि ती खुर्ची आम्ही त्याला कधीं फुकट दिली नव्हती.

भाडें चांगलें होतें. पगार भागणार होता. अध्यक्षांनीं विचारलें, ‘सर, आपलें काय मत?’ मीं ठरावाच्या बाजूनें हात वर केला. ग्रंथपालबाई दाराशीं उभ्या होत्या. त्यांनीं माझ्याकडे पाहिलें कीं काय तें मीं पाहिलें नाहीं.

पंधरा दिवसांत कपाटें खालीं आलीं. जागा अपुरी पडली म्हणून इंग्रजी व शास्त्रीय ग्रंथ जिन्याखालीं रचून ठेवले, आणि त्यांच्यावर प्लास्टिक पसरलें. रंगनाथनांचा ग्रंथ मला तेथें मिळाला. बाईंनीं रीतसर माझ्या नांवावर लिहिला, चिठ्ठीवर तारीख उमटविली. त्या चिठ्ठीवर आधींचे शिक्के चारच होते, शेवटचा १९७१ चा. आज परतीची तारीख उलटून तीन आठवडे झाले आहेत. दंड दररोज एक रुपया आहे, तो भरीन. ग्रंथ कोठें परत ठेवावयाचा तें अजून ठरलेलें नाहीं, असें बाई म्हणाल्या.